तिने त्याला खुर्ची ‘ऑफर’ केली, म्हणजे मराठीत नेमकं काय केलं?

कोपऱ्यातली_खिडकी (धागाकर्ती):
एका इंग्रजी कथेचं भाषांतर करतेय. पंचवीस पानं बऱ्यापैकी सरळ निघाली आणि सव्विसाव्यावर तीन दिवस गाडी रुतली आहे. वाक्य दिसायला अगदी बाळबोध: ‘शी ऑफर्ड हिम हर चेअर.’ इस्पितळाचा व्हरांडा, खुर्ची एकच. बहीणभाऊ बऱ्याच वर्षांनी समोरासमोर आलेत, मध्ये मोठं भांडण झालेलं. कुणी तोंड उघडायच्या आत ती हे करते. पुढचं वाक्य: तो उभाच राहतो.

‘तिने त्याला आपली खुर्ची दिली’ असं लिहिलं, तर दिली म्हणजे दिली, तो बसला. पण तो बसत नाही, सगळी कथा त्यावर आहे. ‘देऊ केली’ लिहून धाकट्या बहिणीला वाचायला दिलं, तर ती म्हणाली, "का गं, विकायला काढली होती का?" ‘ऑफर केली’ लिहिलं आणि स्वतःच खोडलं.

तर प्रश्न दोन. रोजच्या बोलण्यात ऑफरला आपण काय म्हणतो? आणि ऑफर, प्रोव्हाइड, प्रपोज, टेंडर ही सगळी मंडळी एकमेकांच्या जागी चालतात का? कोशात सगळ्यांसमोर ‘देणे, सादर करणे, पुढे करणे’ अशी एकच रांग आहे.

उलटा_कावळा:
तिने त्याला खुर्ची अर्पण केली. तरीही तो प्रसन्न झाला नाही. सोडवलं. पुढचं वाक्य द्या.

शब्दशः:
‘देऊ करणे’ हाच शब्द आहे आणि तो चपखल आहे. देणे आणि देऊ करणे यांत जो फरक, तोच गिव्ह आणि ऑफरमध्ये. दिलं की वस्तू समोरच्याकडे गेली. देऊ केलं की ती अजून आपल्याकडेच आहे, फक्त मूठ उघडली आहे. ‘त्यांनी दोन दिवस देऊ केले, मी एकच घेतला’ हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही क्रियापदाने करून दाखवा. तुमच्या बहिणीला विक्रीचा वास आला, कारण हा शब्द आता बातम्या आणि जाहिरातींतच उरलाय. त्यात शब्दाची चूक काय?

बाकीच्यांचं थोडक्यात. प्रोव्हाइडमध्ये समोरच्याला विचारलेलं नसतं. सोय करून मोकळं व्हायचं. आपलं ‘पुरवणे’. ऑफरमध्ये उत्तर यायचं बाकी असतं. प्रपोज म्हणजे बेत किंवा कल्पना मांडणं. सजेस्ट त्याच्या शेजारचा, पण त्यात बोलणाऱ्याच्या अंगावर काही येत नाही. ‘आय ऑफर्ड टू ड्राइव्ह’ म्हटलं की गाडी मीच चालवणार. ‘आय सजेस्टेड ड्रायव्हिंग’ म्हटलं की कोण चालवणार ते ठरायचंय, आणि बहुतेक मी नाहीच.

नवखी:
आमच्या पिढीत ‘प्रपोज केलं’ याचा एकच अर्थ आहे हो. कल्पना मांडणं वगैरे ऐकून हसू आलं.

रात्रपाळी:
देणे आणि देऊ करणे यातल्या फरकावरून मी एकदा सणसणीत बोलणी खाल्ली आहेत. एका दैनिकाच्या डेस्कवर नवीन होतो. रात्री उशिरा इंग्रजी बातमी आली, अमुक मंत्र्याने ‘ऑफर्ड टु रिझाइन’. पान सुटायला दहा मिनिटं. मी मथळा ठोकला, ‘…यांचा राजीनामा’. आठ अक्षरांची जागा होती, त्यात तेवढंच बसत होतं. सकाळी ते गृहस्थ ठणठणीत मंत्री. राजीनामा देण्याची फक्त तयारी दाखवली होती, आणि वरच्यांनी ती नाकारलीही होती. वृत्तसंपादकांनी माझा मथळा लाल पेनने गोल करून भिंतीवर चिकटवला, खाली लिहिलं, "यांनी देऊ केला होता. आपण घेऊन टाकला."

तेव्हापासून ऑफर दिसला की आधी पुढची ओळ वाचतो. स्वीकारलं की नाकारलं, हे कळल्याशिवाय क्रियापद ठरवत नाही.

कोपऱ्यातली_खिडकी:
"आपण घेऊन टाकला" 😀 हे माझ्या टेबलासमोर लावते.

मूळ_धातू:
शब्दाचं कूळ बघितलं तर मजा आहे. लॅटिनमध्ये ‘ऑफेर्रे’. ‘ओब’ म्हणजे समोर, दिशेने, आणि ‘फेर्रे’ म्हणजे वाहून नेणे. कुणासमोर तरी नेऊन ठेवणे. हे फेर्रे, इंग्रजीतलं बेअर आणि संस्कृत ‘भृ’ ही सख्खी भावंडं. आपला ‘भार’ त्याच ‘भृ’चा. म्हणजे ऑफर परकी असली तरी लांबची नातेवाईक निघते.

जुन्या इंग्रजीत हा शब्द आला तो चर्चमधून, देवाला वाहणे, बळी देणे या अर्थाने. माणसाने माणसाला काही देऊ करण्याचा अर्थ जोर धरू लागला तो नंतर, फ्रेंचमधल्या ‘ऑफ्रीर’च्या संगतीने. आता आपलं ‘वाहणे’ घ्या. डोक्यावरून ओझं वाहतो, नदी वाहते आणि देवाला फूलही वाहतो. मूळ धातू ‘वह्’, वाहून नेणे. दोन वेगळ्या धातूंवरून, एकमेकांना न विचारता, दोन्ही भाषांनी ‘उचलून नेणे’ यातूनच ‘देवापुढे ठेवणे’ काढलं.

टेंडर मात्र लॅटिन ‘तेंदेरे’वरून, ताणणे, लांब करणे. हात लांब करून पुढे धरलेली वस्तू. मऊ या अर्थाचा टेंडर आला तो दुसऱ्याच लॅटिन शब्दावरून, ‘तेनेर’वरून.

उलटा_कावळा:
म्हणजे कंत्राटाच्या टेंडरमध्ये मऊपणा शोधू नये. अनुभवाशी जुळतं.

मूळ_धातू:
अजून एक राहिलं. टेंडरला आपण ‘निविदा’ म्हणतो. निविदा, निवेदन आणि नैवेद्य, तिघांच्या मुळाशी ‘नि + विद्’ आहे. ‘निवेदयति’ म्हणजे कळवतो, आणि देऊ करतो असाही अर्थ.

उलटा_कावळा:
मग बरोबरच आहे. दोन्ही दाखवायचे असतात. नंतर कोण खातं ते सगळ्यांना माहीत असतं.

रात्रपाळी:
कावळा फॉर्मात आहे आज.

शब्दशः:
मूळ_धातू, माहिती छान, पण जरा सांभाळून. धातू एक म्हणून आजचा अर्थ एक होत नाही. ‘प्रस्ताव’चंच बघा. ‘प्र + स्तु’. वैदिक सामगानात साम सुरू होताना प्रस्तोता जो पहिला भाग गातो त्याला प्रस्ताव म्हणत. म्हणून आज कुणी सभेत प्रस्ताव मांडला की गायला लागत नाही.

नवखी:
प्रपोज करताना गातात. सिनेमात तरी.

बाकीशून्य:
अवांतर. ऑफर्ड लिहिताना आर एकदा की दोनदा? प्रिफर्ड, रिफर्डमध्ये दोनदा असतो म्हणून मी वर्षानुवर्षं ऑफर्डमध्येही दोन घालत आलोय, आणि संगणक वर्षानुवर्षं खाली लाल रेघ मारतोय.

मास्तरीण:
एकदाच. आघात कुठे पडतो ते बघायचं. प्रि-फर, रि-फर यांत जोर शेवटच्या ‘फर’वर, म्हणून ‘ईडी’ लागताना आर दोनदा. ऑफर, सफर, डिफर यांत जोर पहिल्या अक्षरावर, म्हणून आर एकटाच. सगळे त्याच फेर्रेचे, पण उच्चारात वाटा वेगळ्या झाल्या. मुलांना सांगते, मोठ्याने म्हणा, डोकं कुठे हलतं बघा. बहुतेकांचं बरोबर जागी हलतं.

आणि इथे आलेच आहे तर वर्गात रोज येणारी चूक. ‘ही ऑफर्ड मी टु हेल्प.’ आपण ‘त्याने मला मदत करायचं म्हटलं’ डोक्यात धरून लिहितो म्हणून तो ‘मी’ घुसतो. एकतर ‘ऑफर्ड टु हेल्प’, नाहीतर ‘ऑफर्ड मी हेल्प’. माणूस आणि ‘टु’वालं क्रियापद एका वेळी नाही. ‘ऑफर्ड हेल्पिंग’ही नाही. प्रोव्हाइडचं उलटं नखरेल: ‘प्रोव्हाइडेड मी विथ’, तो ‘विथ’ विसरायचा नाही.

बाकीशून्य:
डोकं हलवून पाहिलं. घरचे विचारतायत काय झालं.

खोडरबर:
मी मोबाइलच्या ॲपांची मराठी तपासते. एका ॲपच्या मदतपानावर आलेलं वाक्य जसंच्या तसं: ‘हे बटण आपणास तीन पर्याय अर्पण करते.’ भाषांतर करणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, ताई, कोशात आहे. आहेच. खालच्या ओळीत ‘ही सुविधा उच्च सुरक्षा देऊ करते’. म्हणजे वापरणाऱ्याने नको म्हटलं तर सुरक्षा काढून घेणार?

अशा ठिकाणी मी क्रियापदच काढते. ‘या बटणात तीन पर्याय आहेत.’ ‘यात सुरक्षा चांगली आहे.’ निम्म्या वेळा इंग्रजीतली ऑफर म्हणजे नुसतं ‘आहे’ असतं, कोट घातलेलं. ऑफर रेझिस्टन्स म्हणजे विरोध करणे. ऑफर ॲन एक्स्प्लनेशन म्हणजे खुलासा करणे. ऑफर कंडोलन्सेस म्हणजे सांत्वन करणे. यातलं काहीही ‘देऊ’ करायला जाऊ नका. सांत्वन देऊ केलं म्हटलं की माणूस दारात पावती घेऊन उभा असल्यासारखा वाटतो.

काळा_कोट:
वकिली करतो, त्यामुळे या शब्दावर माझं पोट आहे. दुकानाच्या काचेत वस्तू मांडली, शेजारी किमतीची चिठ्ठी लावली. ही ऑफर झाली का? सामान्य माणूस म्हणेल झाली. इंग्लंडमधला ‘फिशर विरुद्ध बेल’ हा १९६० चा खटला प्रसिद्ध आहे. ब्रिस्टलच्या एका दुकानदाराने काचेत बटण दाबून उघडणारा चाकू ठेवला होता. १९५९ च्या कायद्याने असा चाकू विकणं आणि ‘ऑफर फॉर सेल’ करणं गुन्हा होता. दुकानदार सुटला. न्यायालय म्हणालं, करारकायद्यात काचेत मांडणं ही ऑफर नव्हे. ते गिऱ्हाइकाला ‘या, बोलणी करा’ असं निमंत्रण आहे. ऑफर करतं ते गिऱ्हाईक, आणि हो म्हणायचं की नाही ते दुकानदार ठरवतो. शेवटी १९६१ मध्ये कायद्यातच शब्द वाढवावे लागले, विक्रीसाठी मांडून ठेवणंही गुन्ह्यात आलं.

उलट टोकाचा १८९२ चा कार्लिल खटला. एका कंपनीने जाहिरात दिली, आमचा धुराचा गोळा (नाकाने ओढायचं औषध) सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर १०० पौंड देऊ, आणि खरेपणा पटावा म्हणून १००० पौंड बँकेत ठेवलेत. कार्लिल बाईंनी वापरला, आजारी पडल्या, पैसे मागितले. कंपनी म्हणाली, जाहिरात हो, ती काय मनावर घ्यायची. न्यायालय म्हणालं, बँकेत पैसे ठेवलेत म्हणजे तुम्ही मनावर घेतलं होतं. ही सगळ्या जगाला केलेली ऑफर. द्या पैसे.

तेव्हा समोरच्याने ‘हो’ म्हणताच बोलणारा बांधला जातो, ती ऑफर. आपण ‘कधीतरी या घरी’ म्हणतो ते काचेतल्या चाकूसारखं. बोलणी करायचं निमंत्रण.

रात्रपाळी:
शेवटचं वाक्य मथळा म्हणून घ्यायच्या लायकीचं आहे. अक्षरं मोजतोय.

कोपऱ्यातली_खिडकी:
काळा_कोट, मग माझ्या बाईने केलं ते काय? तिने काचेत मांडली खुर्ची की खरंच ऑफर?

काळा_कोट:
तो बसला असता तर तिला उभं राहावं लागलं असतं ना? मग खरी ऑफर.

अर्धविराम:
उशिरा आलो. सगळे नाम आणि क्रियापद शोधतायत. मला वाटतं मराठी हे काम शब्दाने करतच नाही, क्रियापदाच्या रूपाने करते.

दिवसभरात आपण शंभर वेळा ऑफर करतो, पण ‘देऊ करतो’ एकदाही म्हणत नाही. म्हणतो ‘खिडकी उघडू का?’, ‘मी येऊ बरोबर?’, ‘धरू का जरा?’ हा ‘ऊ’ आणि ‘का’ म्हणजेच ऑफर. इंग्रजीत ‘शॅल आय’ जे करतं तेच. त्यातही पायऱ्या आहेत. ‘हवंय का?’ म्हटलं तर मी तुझी गरज तपासतोय, नाही म्हणालास तर बरंच. ‘देऊ का?’ म्हटलं तर मी अर्धा उठलोय. ‘घे’ म्हटलं की विषय संपला, नाही म्हणायचं तर आता तुला कारण द्यावं लागेल. इंग्रजीत तिन्ही प्रसंग सांगताना ‘ही ऑफर्ड’ लिहून मोकळे होतात. आपल्याला सांगताना कुठली पायरी होती ते ठरवावं लागतं, म्हणून भाषांतर करणारा अडकतो.

माझे वडील आजारी होते तेव्हाचं. एक शेजारी रोज फाटकाशी थांबून म्हणायचे, "काही लागलं तर सांगा हं." मनापासून म्हणायचे, पण आम्ही कधी काही सांगितलं नाही. दुसरे एक, फारसे बोलणारे नाहीत, एकदा दारात येऊन म्हणाले, "आज रात्री मी बसतो, तुम्ही झोपा," आणि पायातल्या चपला काढूनच म्हणाले. दोघांनी मदत ‘ऑफर’ केली असं इंग्रजीत एकाच वाक्यात येईल. मला मराठीत ते एका वाक्यात घालता येत नाही आणि घालावंसंही वाटत नाही.

मूळ_धातू:
लिखाण आवडलं. एक दुरुस्ती, स्वभावाला औषध नाही. ‘उघडू का’मधला ऊ आणि ‘देऊ करणे’मधला ऊ दिसायला एक, काम वेगळं. पहिला प्रथमपुरुषी, ‘मी उघडू?’ दुसरा धातुसाधित, ‘देऊ लागला’, ‘देऊ शकला’मधला. आणि ‘-ऊ करणे’ ही जोडी देणेबरोबर रुळली तशी इतर क्रियापदांबरोबर रुळलेली नाही. ‘येऊ केलं’, ‘धरू केलं’ म्हणून बघा. जीभ अडते. म्हणूनच ‘ऑफर्ड टु हेल्प’ला ‘मदत करू केली’ होत नाही, आणि मग ‘मदतीची तयारी दर्शवली’ असलं सरकारी काहीतरी लिहिलं जातं.

अर्धविराम:
मान्य. ऊ वेगळे. चपला त्याच.

शब्दशः:
तरी ‘देऊ करणे’ टाकून देऊ नका एवढंच म्हणेन. शब्द वापरला नाही म्हणून पुस्तकी होतो आणि पुस्तकी झाला म्हणून वापरत नाहीत. लिहिणाऱ्यांनीच हे चक्र तोडायचं.

खोडरबर:
कुठे तोडायचं तेही बघायला हवं ना. ‘त्यांनी जास्त मुदत देऊ केली’ इथे हवाच. खुर्चीला नको. मोजता येणारी, ठरवून द्यायची गोष्ट असेल तर तो शब्द छान बसतो. अंगाने करायची गोष्ट असेल तर अंगच दाखवावं.

नवखी:
आणि ‘ऑफर’ शब्द मराठीच झालाय की आता. ऑफर आली म्हणजे नोकरीची. ऑफर चालू आहे म्हणजे स्वस्तात. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही संपायच्या आत घ्यायच्या.

मास्तरीण:
हे छान टिपलंस. म्हणूनच ‘खुर्ची ऑफर केली’ मराठी कानाला खटकतं. आपण त्या शब्दातला बाजार तेवढा उचलला, बाकीचं तिकडेच राहिलं.

रात्रपाळी:
धागाकर्तीच्या वाक्याकडे वळूया का? ‘खुर्ची पुढे केली’ घ्या. हात पुढे करतो तसं.

कोपऱ्यातली_खिडकी:
विचार केला होता. पण ती त्याच खुर्चीत बसलेली आहे. बसलेल्या बाईने खुर्ची पुढे केली तर स्वतःसकट सरकली असं होतं.

उलटा_कावळा:
चाकं असतील.

अर्धविराम:
‘बस’ म्हणू दे तिला. एक शब्द. पायरी तिसरी.

कोपऱ्यातली_खिडकी:
तीच तर गोम आहे. कुणीही बोललेलं नाही. ती पहिली बोलली तर तिने माघार घेतली असं होईल, आणि लेखकाने ते पुढे चार पानं राखून ठेवलंय. पण खोडरबर यांचं ‘अंगच दाखवावं’ वाचून उठले आणि मूळ पान परत काढलं. आधीच्या परिच्छेदात तिच्या मांडीवर पिशवी आहे, असं एक साधं वाक्य आहे. मी ते विसरूनच गेले होते. आता असं लिहिलंय:

‘तिने मांडीवरची पिशवी उचलली आणि खुर्चीतून उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली. तो उभाच राहिला.’

शब्दशः:
यात ‘त्याला’ कुठे आहे? ती पाय मोकळे करायला उठली असंही वाचता येईल.

खोडरबर:
‘तो उभाच राहिला’मधल्या ‘च’मध्ये आहे. त्याने बसायला हवं होतं हे त्या ‘च’ने सांगितलं.

शब्दशः:
हं. ‘च’ मान्य. मी तरी ‘देऊ केली’च लिहिलं असतं.

काळा_कोट:
नोंदवून घेतलं. ऑफर लिहिली नाही, नकार लिहिला. नकारावरून ऑफर सिद्ध होते. कोर्टात चालेल.

कोपऱ्यातली_खिडकी:
धाकटीला वाचून दाखवलं. म्हणाली, "आता तर कुणीच बसलं नाही."

म्हणजे जमलं बहुधा. एकतिसाव्या पानावर ‘टेंडर्ड ॲन अपॉलॉजी’ दिसतंय. येते परत.

उलटा_कावळा:
सीलबंद पाकिटात का?